मावशीचं इनकमिंग

मावशी माझ्या घरात आली ती चप्पल न काढता. असं तिनं कधी केलं नव्हतं. दारात उभी राहूनच तिनं पदराच्या टोकाला गुंडाळलेला फोन सोडवला, माझ्या हातात कोंबला आणि म्हणाली, "हे घे. तुझ्याकडंच ठेव. मला कुनी फोन करत न्हाय, मग मला कशाला पायजे ह्यो?"

मी म्हटलं, "आधी आत तरी ये. पाणी पी."

"पानी प्यायला न्हाय आले. तुमा सगळ्यांस्नी मी जड झाले का, येवढंच इचारायला आले."

ही माझ्या आईची थोरली बहीण. शहराबाहेर कुंभारीला विडी कामगारांच्या घरांमध्ये राहते, एकटी. उभा जन्म विड्या वळण्यात गेला. आता तुटपुंजी पेन्शन येते, त्यात तिचं भागतं, आणि भागत नाही तेव्हा ती कुणाला सांगत नाही. लेक एकच, सांगोल्याकडे दिलेली. मावशी आमच्या घराण्यात शांत म्हणून ओळखली जाते. गल्लीत कुणाची भांडणं झाली तर ती मिटवायला हिला बोलावतात. तिला मी असं तावातावानं बोलताना पहिल्यांदाच पाहत होते.

"झालं काय ते तरी सांग."

"माझ्या नातीची सुपारी फुटली," ती म्हणाली, "आन मला ते बाजारात कळलं."

मग ती खाली बसली. भिंतीला टेकून, चप्पल तशीच पायात.

तिच्या लेकीच्या वस्तीवरचा एक माणूस डाळिंबं घेऊन बाजाराला आला होता. त्यानं मावशीला ओळखलं आणि सगळ्यांदेखत हसत विचारलं, "आजी, पेढे कुटं हायत? नातीची सुपारी झाली की परवाच्या ऐतवारी." मावशीला वाटलं, तो थट्टा करतोय. मग त्यानं मुलाचं गाव सांगितलं, मुलगा काय करतो ते सांगितलं, जेवायला काय होतं तेही सांगितलं. मावशी मान डोलवत राहिली. मला ठाऊकच आहे, असं दाखवत राहिली. पिशवीत काही न घेता घरी परतली आणि दुसऱ्या दिवशी सिटी बस पकडून माझ्याकडे आली.

मला हे लग्न ठरल्याचं माहीत होतं. मावसबहिणीनं सुपारीच्या दुसऱ्या दिवशी मला फोन केला होता. पाहुणे बघायला म्हणून आले, मुलाची सुट्टी संपत आलेली, मुलगी पसंत पडली, आणि जेवणं उरकायच्या आत मोठ्यांनी सुपारी फोडायचं ठरवलं. "आईला सकाळपासून लावत होते गं," ती म्हणाली होती, "पण तिनं फोन बंद करून ठेवलाय. दिवाळीतलं अजून धरून बसलीय. रुसायला काही वेळ-काळ असतो की नाही?"

दिवाळीत त्या दोघींचं वाजलं होतं, हे खरं. लेकीचं म्हणणं होतं, आईनं कुंभारीचं घर बंद करावं आणि सांगोल्याला येऊन राहावं. मावशीचं म्हणणं, लेकीच्या सासरी जाऊन मी राहणार नाही. शब्दानं शब्द वाढला होता. मीही महिनाभरात दोनदा मावशीला फोन लावला होता, दोन्ही वेळा लागला नव्हता. माझ्याही मनात हेच आलं, की बाई रुसली आहे, मायलेकींचं आहे, आपण मध्ये पडू नये.

"पण मावशी, तूच फोन बंद ठेवला होतास ना?"

"मी?" ती ताडकन उठली. "मी बंद ठेवला? रोज रातच्याला चार्जिंगला लावत होते की! उशाशी घेऊन झोपत होते. बघ, दिवा लागतो का न्हाय. घड्याळ दावतो का न्हाय."

फोन खरंच चालू होता. जुना, बटनांचा, आकडे पुसट झालेला. पडद्यावर वेळ दिसत होती आणि कोपऱ्यात एका पाकिटाचं चित्र लुकलुकत होतं. मी माझ्या फोनवरून तिचा नंबर लावला. तिचा फोन गप्प राहिला. माझ्या कानात एक बाई इंग्रजीत आणि मग हिंदीत सांगू लागली की या ग्राहकाची सेवा सध्या उपलब्ध नाही.

"तू कुणाला लावून पाहिलास का इकडून?"

"लेकीला लावला की. येक बाई बोलती काय की, कळत न्हाय. मला वाटलं, लेकीनंच माझा नंबर बंद करून टाकला. नवी शेजारीन सांगती, आजकाल तसं करता येतं म्हने."

मी ते पाकीट उघडलं. आत संदेशांची रास पडली होती. सगळे इंग्रजीत. तुमच्या प्लॅनची मुदत संपत आली आहे. संपली आहे. आउटगोइंग बंद केले आहे. इनकमिंग बंद केले आहे. लवकर रिचार्ज करा, नाहीतर हा नंबर तुमच्याकडे राहणार नाही. मध्येमध्ये क्रिकेटचे गुण, कुठल्याशा गाण्याची कॉलर ट्यून 'यशस्वीपणे सुरू' झाल्याचं अभिनंदन आणि त्या ट्यूनचे पैसे कापल्याची पावती. मावशीला मराठी अक्षरं लावून लावून वाचता येतात. इंग्रजी अक्षर म्हणजे तिच्या लेखी मुंग्या. त्या मुंग्यांनी तिला आठवडेच्या आठवडे बजावलं होतं, की बाई, तुझं जगाशी बोलणं आम्ही बंद करतो आहोत.

यापूर्वी तिचा रिचार्ज गल्लीतला किराणावाला करायचा. ती पैसे द्यायची, तो आपल्या फोनवर काहीतरी दाबायचा, संपलं. संक्रांतीनंतर त्यानं दुकान बंद केलं आणि तो मुलाकडे पुण्याला गेला. ज्या शेजारणीच्या फोनवर आम्ही अडीअडचणीला निरोप द्यायचो, तीही घर विकून गेली होती. आणि रिचार्ज केला नाही तर आलेला फोनसुद्धा वाजत नाही, हे मावशीला कुणी सांगितलंच नव्हतं. तिनं मला जे विचारलं, त्याचं उत्तर मला अजून सापडलेलं नाही. "आगं, फोन लेक करती, पैशे लेक भरती. मग माझ्याकडचं का बंद?"

मी तिला जेवायला वाढलं. तिनं अर्धी भाकरी खाल्ली. ऊन जरा उतरल्यावर मी तिला गाडीवर मागे बसवलं आणि सात रस्ता चौकात तिच्या फोनच्या कंपनीच्या दुकानात घेऊन गेले.

दुकान म्हणजे काचेचं, आत थंडगार. भिंतीभर पोस्टर, प्रत्येकावर हसणारी तरुण माणसं. काउंटरवर कंपनीचा टी-शर्ट घातलेली एक मुलगी होती. माझ्या वर्गात शोभली असती, इतकी लहान. मी शाळेत शिकवते, त्यामुळे मला समोरच्याला टप्प्याटप्प्यानं सांगायची सवय आहे. मी म्हटलं, "या माझ्या मावशी. फोन बटनांचा आहे. यांना फक्त बोलायचं असतं. लेक फोन करते, मी करते, दवाखान्यातून येतो. सगळ्यात स्वस्तातला आणि जास्त दिवस चालणारा प्लॅन सांगा."

तिनं माझं वाक्य पुरतं ऐकलं असेल असं मला वाटत नाही. "आजींसाठी हा बेस्ट आहे मॅडम. अनलिमिटेड कॉल, रोजचा दीड जीबी डेटा, शिवाय दोन अ‍ॅपवर पिक्चर फ्री."

"या फोनात इंटरनेट चालत नाही."

"हो, पण प्लॅनमध्ये येतंच ते."

"नको असेल तर?"

"नको असेल तर वापरू नका ना."

ती हे उर्मटपणे म्हणाली नाही, अगदी गोड हसून म्हणाली, आणि म्हणूनच माझ्या डोक्यात तिडीक गेली. म्हणजे संध्याकाळी कपभर दूध लागणाऱ्या म्हातारीच्या दारात रोज कॅन ओतायचा, तिनं ते गटारात सोडायचं, आणि बिल मात्र कॅनचं भरायचं. आणि तेही कितीदा? मुदत विचारली तर म्हणे अठ्ठावीस दिवस.

मावशी इतका वेळ बोटांवर काहीतरी मोजत होती. ती म्हणाली, "म्हैना तर तिसाचा असतो की."

"आजी, आमच्याकडे अठ्ठावीसचाच असतो."

"कुठल्या पंचांगात?"

मागे कुणीतरी फिस्सकन हसलं. पोरगी गोंधळली. मावशीनं थट्टा म्हणून विचारलं नव्हतं. तिची पेन्शन महिन्याच्या हिशेबानं येते, किराणा महिन्याच्या हिशेबानं भरला जातो, आणि फोन मात्र दर खेपेला दोन-तीन दिवस आधीच हात पसरून उभा राहतो. पेन्शन यायच्या आत रिचार्ज संपलेला. यात त्या कंपनीचा वर्षाला एक जादा महिना, तेरावा, निघतो, हे मला त्या काउंटरपाशी उभं असताना उमगलं. इतकी वर्षं मीही तो मुकाट भरत आले होते.

"नुसतं बोलण्याचा प्लॅन द्या," मी म्हटलं. "डेटा नसलेला. असा प्लॅन ठेवायलाच हवा असा नियम झालाय, मी पेपरात वाचलंय."

तिनं संगणकात पाहिलं, भिंतीवरच्या पोस्टरांकडे पाहिलं आणि म्हणाली, "तसा काही नाहीये मॅडम."

"नीट बघा."

आतल्या खोलीतून मॅनेजर आला. गळ्यात ओळखपत्र, हातात दोन फोन. त्यानं आमच्याकडे पाहून लगेच खुर्ची मागवली, मावशीला बसवलं, आणि एवढ्या सौजन्यानंतर म्हणाला, "आजी, खरं सांगू का, तुम्ही आता स्मार्टफोन घ्या. हप्त्यावर देतो. नातीला व्हिडिओवर बघता येईल. आजकाल सगळ्या आज्या वापरतात."

नातीचं नाव काढल्याबरोबर मावशीचा चेहरा बदलला. ती खुर्चीवरून उठली. "सायेब," ती म्हणाली, "मला सिनेमा बघायचा न्हाय. मला हप्ता नको. माझ्या नातीची सुपारी झाली, माझ्या लेकीनं दिसभर फोन लावला, आन तुमी तो माझ्यापत्तुर येऊ दिला न्हाय. मला फक्त त्यो येऊ दे, येवढं करा."

मॅनेजर म्हणाला, "आजी, सिस्टीम ऑटोमॅटिक बंद करते. आमच्या हातात नसतं."

"मग कुणाच्या हातात असतं?" मी विचारलं. माझा आवाज चढला होता आणि मला तो खाली आणायचा नव्हता. "ऐंशीकडे झुकलेल्या बाईला तुम्ही इंग्रजीत कळवता. कॉलर ट्यून सुरू करायला तिची परवानगी एका बटनात मिळते, आणि फोन बंद करताना एक वाक्य मराठीत बोलायला तुमच्याकडे माणूस नसतो? क्रिकेटचे गुण कळवता! निदान तिच्या फोनवर एकदा मराठीतून सांगायचं होतं, की बाई, उद्यापासून तुझी लेक तुला लागणार नाही."

"मॅडम, तुम्ही कस्टमर केअरला..."

"नुसतं बोलण्याचा प्लॅन आहे की नाही, तेवढं सांगा."

तो पोरीच्या संगणकापाशी वाकला. दोन-तीनदा कळा दाबल्या. मग हळूच म्हणाला, "आहे. एक तीन महिन्यांच्या आसपासचा आहे, एक वर्षाचा. पण घेत नाही हो कुणी."

"भिंतीवर कुठे लावलाय?"

त्यानं पोस्टरांकडे पाहिलं. भिंतीवरची तरुण माणसं हसत राहिली.

"मग घेणार कोण? कळल्याशिवाय?"

मागच्या बाकावर एक म्हातारे गृहस्थ बसले होते, पांढरी दाढी, डोक्यावर जाळीची टोपी. ते उठून पुढे आले. "बेटी," ते काउंटरवरच्या पोरीला म्हणाले, "ये खाली बातां करने का है क्या? सालभर का? तो मेरेकू भी येइच डालो. मैं दो साल से वो पिच्चरवाला डालरौं. पिच्चर एक नहीं देखा."

पोरगी मॅनेजरकडे बघू लागली. मॅनेजरनं मान हलवली. मला वाटतं तिला त्या पिक्चरवाल्या प्लॅनचं टार्गेट असणार. तिच्यावर माझा राग नव्हता. पण तिच्या तोंडून "तसा नाहीये" असं जे कुणी वदवून घेतं, त्याचा चेहरा मला त्या दुकानात कुठेच दिसला नाही, आणि ज्याच्यावर ओरडावं असा माणूसच सापडू नये, याचीही त्या लोकांनी व्यवस्था करून ठेवलेली असते.

वर्षाचा प्लॅन घेतला. महिन्यामागं तो त्या 'बेस्ट'पेक्षा बराच स्वस्त पडत होता. एकरकमी भरायला मावशीला जड गेलं असतं, मी भरले. ती कॉलर ट्यूनही बंद करायला लावली. थोड्या वेळानं मावशीच्या फोनमध्ये टिणटिण सुरू झालं. सगळं इंग्रजीतच.

बाहेर लिंबाखाली गाडी लावली होती. मी म्हटलं, "लाव आता लेकीला."

"मी न्हाय लावनार. तिला गरज आसंल तर ती लावंल."

"मावशी, तिचा फोन लागत नव्हता म्हणून तर हे सगळं..."

"मग सांगोला काय परदेशात हाय? येस्टी येत न्हाय तितनं? सुपारी फोडायच्या आदी येक मानूस धाडता आला न्हाय?"

हा राग फोनच्या कंपनीवर ढकलता येणारा नव्हता. मी माझ्या फोनवरून मावसबहिणीला लावला आणि एवढंच सांगितलं, की आईचा रिचार्ज संपला होता, तिनं फोन बंद केला नव्हता. पलीकडून तिनं माझा फोन कापला, आणि मावशीच्या हातातला वाजला.

मावशीनं लगेच घेतला नाही. त्याच्याकडे बघत राहिली. तो वाजायचा थांबेल की काय, या भीतीनं मीच बटन दाबून तिच्या कानाला लावला. जुन्या फोनचा आवाज मोठा असतो, दोन्हीकडचं ऐकू येत होतं.

"आई, तू रुसलीस म्हनून मी..."

"मी रुसले? मी उशाशी घेऊन झोपत होते त्याला!"

"दिसभर लावत होते गं मी. पाव्हन्यांसमोर रडले. तुझी लेक म्हनून मला लाज वाटली, की आई नातीच्या सुपारीला..."

"मला बाजारात कळलं. डाळिंबवाल्याकडनं. पेढे मागितले त्यानं मला."

रस्त्यावरून रिक्षा जात होत्या. मावशीनं पदरानं नाक पुसलं आणि कोरड्या आवाजात विचारलं, "पोरगं काय करतं?"

"बँकेत हाय. फिरतीची नोकरी हाय."

"दारू?"

"न्हाय."

"नीट इचारलंस का? का तेबी घाईघाईतच?"

"आई!"

त्या दोघी मग पुष्कळ वेळ बोलल्या. मी गाडीवर टेकून उभी राहिले. प्लॅन नुसत्या बोलण्याचाच होता, बोलायला मुभा होती.

आता सगळं जिथल्या तिथं आलं, असं मला सांगता आलं असतं तर बरं झालं असतं. तसं झालं नाही. सुपारीच्या दिवशी मुलीची आजी आली नाही, फोनही उचलला नाही, हे मुलाकडच्यांनी पाहिलं होतं. त्यांनी त्याचा अर्थ आपल्यापरीनं लावला, की म्हातारीला स्थळ पसंत नाही. लग्नाच्या आदल्या दिवशी आम्ही सांगोल्याला पोचलो, तेव्हा मुलाची आत्या मावशीला सगळ्यांसमोर म्हणाली, "आलात का? आमाला वाटलं, तुमी आमच्यावर राग धरून बसलाय."

मावशी म्हणाली, "रिचार्ज संपला होता ओ."

आत्या हसली. हे कारण कुणालाही पटत नाही. ऐकणाऱ्याच्या चेहऱ्यावरच दिसतं, की त्याला ही पळवाट वाटते. मी मध्ये पडून सगळं समजावून सांगायला लागले, इनकमिंग, मुदत, इंग्रजी संदेश, तर मावशीनं माझा हात दाबला. "ऱ्हाऊ दे," म्हणाली. आणि पदर खोचून हळद दळणाऱ्या बायकांमध्ये जाऊन बसली. त्या दोन दिवसांत तिनं त्या आत्याला तीनदा चहा नेऊन दिला. मला ते पाहवत नव्हतं. चूक जिनं केली नाही ती चहा नेऊन देत होती, आणि ज्यांनी केली त्यांच्या जाहिराती मांडवाबाहेरच्या खांबावर लागलेल्या होत्या.

लग्न झालं. नात सासरी गेली. पाहुणे पांगल्यावर संध्याकाळी मावसबहीण आईजवळ बसली आणि स्वतःच्या फोनवर तिला सुपारीच्या दिवशीचे फोटो दाखवू लागली. एकेक फोटो बोटानं सरकवत होती. मावशी फोन लांब धरून डोळे बारीक करून बघत होती. हा कोण, ती कोण, असं विचारत होती.

एका फोटोत नात पाटावर बसलेली होती. अंगावर नवी साडी, पदरात ओटी. उजवीकडे तिची आई. डावीकडे, खांद्यावर हात ठेवून, वस्तीवरची कुणी एक म्हातारी बसली होती. घरात वडीलधारं कुणी नाही म्हणून तिला आयत्या वेळी बोलावून बसवलं होतं.

मावशीनं त्या म्हातारीवर बोट ठेवलं. बोट लागल्यामुळे फोटो एकदम मोठा झाला आणि ती अनोळखी बाई सगळ्या पडद्यावर पसरली.

"हितं मी पायजे होते," मावशी म्हणाली.

मावसबहीण रडायला लागली. मावशी रडली नाही. तिनं तो फोटो पुन्हा लहान कसा करायचा ते विचारलं, आणि पुढचा दाखव म्हणाली.